घाटातल्या अर्धमॅरेथॉनसाठी वेगाचे नियोजन : रंकाळ्याच्या सपाटीवरचा सराव पुरेल का?

पहाटफेरी

नमस्कार. मी कोल्हापूरची, वय ४४. तीन वर्षांपासून नियमित धावते आहे. आजवर दोन अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या, दोन्ही सपाट रस्त्यावरच्या, आणि त्यांतली चांगली वेळ २ तास १२ मिनिटे आहे. म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटे १५ सेकंद (६:१५). माझा जवळजवळ सगळा सराव रंकाळ्याभोवती होतो. पहाटे साडेपाचला तांबट कमानीपाशी आम्ही पाच-सहा जणी जमतो, संध्यामठ आणि शालिनी पॅलेसच्या बाजूने फेऱ्या मारतो आणि घरच्या डब्यांच्या वेळा सांभाळून सातच्या आत परततो. आठवड्याला ३२ ते ३५ किलोमीटर होतात आणि रविवारचा लाँग रन १६ किलोमीटरपर्यंत गेला आहे.

यंदा मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवले आहे. नऊ आठवडे उरले आहेत आणि आता काळजी वाटू लागली आहे, कारण घाटात मी आजवर एकदाही धावलेले नाही. मी मनाशी अशी योजना आखली होती की सुरुवातीचा शहरातला भाग ६:१० ने धावायचा, चढावर अर्धा मिनिट सोडून ६:४५ धरायचा आणि उतारावर साडेपाचने येऊन सगळी तूट भरून काढायची, म्हणजे दोन तास दहा मिनिटांच्या आसपास शर्यत संपेल. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने ही योजना ऐकून मान हलवली, पण तिलाही घाटाचा अनुभव नसल्याने नेमके काय चुकते आहे ते सांगता आले नाही.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे : चढावरचा वेग कशावरून ठरवायचा? कोल्हापुरात, तेही या पावसाळ्यात, घाटाचा सराव कुठे करावा? उतारावर गुडघ्यांना इजा होते असे बरेच जण सांगतात, त्याची तयारी आधीपासून करता येते का? आणि शर्यतीपूर्वी एकदा साताऱ्याला जाऊन मार्ग पाहून येणे खरोखर आवश्यक आहे की नकाशावर पाहिले तरी चालते?

घाटवाट

ताई, नमस्कार. ही शर्यत मी चार वेळा धावलो आहे आणि पहिल्या वेळी माझी योजना तुमच्यासारखीच होती, म्हणून सविस्तर लिहितो.

चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघेल, हे तुम्ही गृहीत धरले आहे आणि चूक तिथेच आहे. सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावायला जेवढी ऊर्जा लागते, त्यापेक्षा पाच टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर पाच मीटर उंची वाढते अशा रस्त्यावर, सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा लागते. तेवढ्याच उतारावर बचत मात्र २५ टक्क्यांच्या आत-बाहेर होते, आणि तीही सगळी पदरात पडत नाही, कारण उतरताना दम शिल्लक असला तरी मांड्या आधी थकतात आणि पाय आपोआप ब्रेक लावत राहतात. या हिशेबाने सपाटीवर ६:१५ ने धावणाऱ्या माणसाला पाच टक्के चढावर तेवढ्याच श्रमात ८:०५ ते ८:१० चा वेग मिळतो. उलट बाजूने पाहिले, तर अशा चढावर ६:४५ धरणे म्हणजे सपाटीवर ५:१२ ने धावण्याइतके श्रम झाले. २ तास १२ मिनिटांची अर्धमॅरेथॉन धावणाऱ्याला हा वेग पाच किलोमीटरच्या शर्यतीतही टिकवता येत नाही, आणि तुम्ही तो सलग सहा किलोमीटरांहून अधिक अंतर टिकवायचे ठरवले आहे. मैत्रिणीने मान हलवली ती योग्यच होती.

मार्गाचे स्वरूप असे आहे की शर्यत शहरातून समर्थ मंदिरावरून बोगद्यापाशी येते, तिथून कासच्या रस्त्याने यवतेश्वरचा घाट चढते आणि वरून वळून त्याच रस्त्याने परत येते. शहरातला भाग सपाट आहे अशी नव्या धावपटूंची समजूत असते, पण समर्थ मंदिराच्या दिशेने रस्ता हळूहळू चढतच जातो. सुरुवातीची गर्दी, ढोल-ताशे, दुतर्फा उभे राहून टाळ्या वाजवणारे सातारकर, या सगळ्यांत तो चढ पायाला जाणवत नाही. पहिल्या वर्षी मी हे चार किलोमीटर ६:०० ने धावलो, बोगद्यापाशी माझ्या वयाच्या पुष्कळ जणांच्या पुढे होतो आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर कठड्याला धरून उभा होतो. नाडी खाली येईना. तिथून वरच्या टोकापर्यंत मी बहुतांश चालत गेलो आणि उतारावर मांड्या इतक्या थरथरत होत्या की खाली येतानाही दोनदा थांबावे लागले. पुढच्या वर्षी तेच चार किलोमीटर मी ६:४० ने धावलो आणि अखेरीस अकरा मिनिटे आधी पोहोचलो.

तुमच्यासाठी मी असा आराखडा सुचवीन. पहिले चार किलोमीटर ६:४० ने, म्हणजे सुमारे २६ मिनिटे ४० सेकंद. घाटाचे साडेसहा किलोमीटर सरासरी ८:०५ ने, म्हणजे साडेबावन्न मिनिटे. उतरताना तेच अंतर ५:५५ ने, म्हणजे साडेअडतीस मिनिटे. शेवटचे चार-सव्वाचार किलोमीटर ६:२५ ने, म्हणजे सव्वासव्वीस मिनिटे. एकूण २ तास २४ मिनिटांच्या जवळ येते. सपाटीवरच्या २:१२ च्या तुलनेत बारा मिनिटे अधिक दिसतात, पण पहिल्या घाटशर्यतीसाठी ही चांगली वेळ आहे.

मात्र घाटात घड्याळाकडे पाहून हा ८:०५ चा आकडा प्रत्येक किलोमीटरला जुळवत बसू नका. घाटाचा चढ एकसारखा नसतो. एखाद्या वळणावर तो दुप्पट होतो आणि पुढच्या पट्ट्यात जवळजवळ नाहीसा होतो. वेग बदलू द्यावा, श्रम बदलू देऊ नयेत. श्रम ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे : न अडखळता एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग ताबडतोब कमी करावा, आणि तरीही श्वास सावरत नसेल तर तीस-चाळीस पावले झपझप चालावीत. तीव्र चढावर झपझप चालणारा आणि रेटून धावणारा यांच्यात शंभर मीटरला जेमतेम काही सेकंदांचा फरक पडतो, पण पुढच्या दहा किलोमीटरसाठी पायांत काय उरते यात फार मोठा फरक पडतो.

वळणांबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो. अधिकृत मोजणी करताना वळणाच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून जाणारी सर्वांत जवळची रेघ धरतात आणि मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक या प्रमाणात, म्हणजे अर्धमॅरेथॉनला सुमारे २१ मीटर, जादा अंतर ठेवतात. आपण त्या रेघेवरून कधीच धावत नाही, शिवाय घाटात जीपीएसही चुकते, त्यामुळे शर्यतीच्या शेवटी घड्याळात २१.३ किंवा २१.४ दिसले तर गोंधळून जाऊ नये. स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, मोजायच्या त्या रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकांवरून मोजाव्यात. चढताना वळणाची आतली बाजू अंतराने कमी असली तरी अधिक उभी असते. मी मधोमध राहतो. तुम्ही चढत असताना आघाडीचे धावपटू समोरून भरधाव उतरत येतात, तेव्हा आपली बाजू सोडू नये.

मार्ग प्रत्यक्ष पाहून या, एवढेच आग्रहाने सांगतो. कोल्हापूरहून सातारा महामार्गाने सुमारे १२० किलोमीटर आहे, एका दिवसात जाऊन येता येते. नकाशावर उंचीचा आलेख दिसतो, पण "आता हा शेवटचा चढ" असे वाटून पुढच्या वळणावर पुन्हा चढ दिसला की मन कसे खचते, ते त्यात दिसत नाही.

सागरमाळ

घाटवाट सरांनी वेगाबद्दल सगळे लिहिले आहेच, मी फक्त कोल्हापुरातल्या सरावाच्या जागांबद्दल लिहिते.

रंकाळा सोडू नका, आठवड्यातले दोन हलके दिवस तिथेच ठेवा. फक्त पावसात पदपथावरच्या फरशा निसरड्या होतात तेव्हा रस्त्याच्या कडेने धावा. मधल्या एका दिवशी शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात जा. तिथले अंतर्गत रस्ते सलग वरखाली आहेत, वाहने कमी आहेत, झाडांमुळे वारा अडतो आणि धो-धो पावसातही तिथे आठ-दहा किलोमीटर सुखाने होतात. माझा स्वतःचा निम्मा सराव तिथलाच आहे.

चढाच्या छोट्या आवर्तनांसाठी टेंबलाईची टेकडी उत्तम. पहिल्या आठवड्यात एका मिनिटाचा चढ पाच वेळा, खाली येताना अगदी सावकाश. मग दर आठवड्याला एकेक आवर्तन वाढवत आठपर्यंत न्यायचे आणि त्यानंतर चढाचा अवधी दीड-दोन मिनिटांपर्यंत वाढवायचा. वेग असा ठेवायचा की शेवटचे आवर्तन पहिल्याइतकेच झाले पाहिजे. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोली देवीच्या, यात्रांची गर्दी असते, ते दिवस टाळलेले बरे.

खरा घाट हवा असेल तर आपल्याकडे दोन आहेत. केर्लीवरून जोतिबाचा आणि वाघबीळवरून पन्हाळ्याचा. रविवार हा जोतिबाचा वार, श्रावण षष्ठीला तर यात्राच असते, त्यामुळे जोतिबाच्या घाटात शनिवारी जावे. पन्हाळ्याला मात्र शनिवार-रविवार दोन्ही दिवशी पर्यटकांची वाहने असतात. वाघबीळला पहाटे सहाला सुरुवात करून आठच्या आत परत खाली यायचे, असा आमचा नेम आहे. गाडी वाघबीळला लावायची, बुधवार पेठेवरून वर नाक्यापर्यंत चढायचे आणि त्याच रस्त्याने उतरायचे. या दिवसांत गळीत हंगाम नसल्याने उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर नसतात, ही एक सोय. पण धुके इतके दाट उतरते की वीस पावलांवरचा माणूस दिसत नाही. चकाकणारे जाकीट आणि पाठीवर लुकलुकणारा दिवा यांशिवाय घाटात पाऊल टाकू नका, आणि कानात इअरफोन तर मुळीच नको.

पावसाचे भान ठेवावे लागेल. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता गडाजवळ खचला होता, हे आपल्याला ठाऊक आहेच. पंचगंगेचे पाणी चढू लागले की राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज बघत चला. ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की आम्ही पन्हाळा-जोतिबाचा बेत रद्द करून विद्यापीठात जातो. रेडेडोह फुटला, म्हणजे पुराचे पाणी तिथून पात्राबाहेर पसरले, की आंबेवाडीजवळ पन्हाळा रस्त्यावर पाणी येते, आणि सकाळी कोरडा असलेला रस्ता परत येताना बंद झालेला असू शकतो. एक लाँग रन चुकल्याने शर्यत बिघडत नाही.

नऊ आठवड्यांत चार वेळा घाट झाला तरी पुरे आहे, एक आठवडा आड. मधल्या रविवारी सपाटीवर १६ ते १९ किलोमीटर.

चालते पाय

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कोल्हापुरातच काम करते. गुडघ्याच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण घाटशर्यतीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची तक्रार उताराची असते.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ताण धरून ठेवतो, म्हणजे एकाच वेळी तो ताणलाही जातो आणि शरीराला आवरतही असतो. या प्रकारच्या कामात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते, म्हणून उताराच्या सरावानंतर दुखणे त्याच दिवशी येत नाही, २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचते. चांगली गोष्ट अशी की एकदा हा अनुभव घेतलेला स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून उताराचा सराव टाळू नये. तो थोडा-थोडा करावा आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीपूर्वी दोन ते तीन आठवडे उरकावा. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात घाट उतरून पाहण्याचा मोह आवरा.

पहाटफेरी, घरात जिना असेल तर आजपासून एक व्यायाम सुरू करा. सर्वांत खालच्या पायरीवर एका पायावर उभे राहा, दुसरा पाय पुढे मोकळा सोडा आणि मनात तीन मोजत उभ्या पायाचा गुडघा वाकवून मोकळ्या पायाची टाच जमिनीला नुसती टेकवा, भार टाकू नका. मग परत वर या. समोर आरसा ठेवा आणि उभ्या पायाचा गुडघा आत अंगठ्याच्या बाजूला पडतो का ते पाहा. बहुतेकांचा पडतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत राहील एवढेच खाली जा, भले टाच जमिनीला न लागो. प्रत्येक पायाने आठ ते दहा वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. त्याच पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश खाली सोडून वर उचलण्याचा व्यायामही जोडीला करा, चढावर पोटऱ्यांना त्याचा उपयोग होतो. महिनाभरात फरक जाणवेल.

धावताना शरीर मागे झुकवून टाच आपटत उतरणे ही नेहमीची चूक आहे. पाय शरीरापासून जितका पुढे पडेल तितका प्रत्येक पावलाचा धक्का गुडघ्याला बसतो. पावले छोटी आणि जलद ठेवा, पाय शरीराच्या खालीच पडू द्या, घोट्यापासून किंचित पुढे झुका, नजर दहा-पंधरा पावले पुढे ठेवा आणि तोल सांभाळायला हात थोडे बाजूला मोकळे सोडा. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे पट्टे आणि कडेचे शेवाळ यांच्यावर पाय देऊ नका. डांबरावर बूट जितका धरतो तितका रंगावर धरत नाही. उतारावर बोटे बुटाच्या टोकाला आदळून नखे काळी पडतात, म्हणून नखे चार-पाच दिवस आधी कापा आणि नाडी बुटाच्या शेवटच्या छिद्रातून ओढून घोट्यापाशी घट्ट बांधा, पुढे मात्र बोटांना जागा राहू द्या.

मांड्यांचे दुखणे दोन्ही बाजूंना सारखे असते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. एकाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, दर उताराला ठरावीक अंतरानंतर टोचल्यासारखे दुखत असेल, तर ते निराळे. तिथे धावणे थांबवून तपासून घ्यावे. आणि शर्यतीपूर्वी "खबरदारी म्हणून" वेदनाशामक गोळी घेणारे पुष्कळ भेटतात. घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर पडतो. कृपया घेऊ नका.

पहाटफेरी

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे.

टेंबलाईला तीनदा गेले आणि गेल्या शनिवारी प्रथमच वाघबीळहून पन्हाळ्याचा घाट चढले. घाटवाट दादांनी सांगितलेली वाक्य बोलण्याची कसोटी लावली आणि तिच्याने डोळे उघडले, कारण सुरुवातीच्या उत्साहात मी ७:२० ने चढत होते आणि बरोबरच्या मैत्रिणीला "बुधवार पेठ आली का" एवढेही सलग विचारता येईना. वेग कमी केला तेव्हा तो ८:४० वर जाऊन स्थिरावला आणि मग नाक्यापर्यंत फक्त दोनदा चालावे लागले. उतरताना अंग मागे जाते आहे हे मैत्रिणीने दोनदा सांगितले. सोमवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला, पण बुधवारी दुखणे गेले होते. आरशासमोर उभी राहिले तेव्हा डावा गुडघा आत पडतो हेही दिसले. तो व्यायाम नेमाने सुरू आहे.

आता शेवटच्या टप्प्याबद्दल विचारायचे आहे. शेवटच्या दोन आठवड्यांत किती धावावे, आणि आदल्या दिवसापासून खाणे-पिणे कसे ठेवावे? सपाट शर्यतींत मी फक्त पाणी पिऊन धावले होते. धावताना घ्यायचे ऊर्जा देणारे जेल पोटाला मानवत नाही.

घाटवाट

ताई, ८:४० हा आकडा पाहून नाराज होऊ नका. पन्हाळ्याचा चढ पहिल्यांदाच चढलात आणि तोही पावसात.

शेवटच्या दोन आठवड्यांत एकूण अंतर कमी करायचे, वेगाची आठवण मात्र ठेवायची. तुमचे आठवड्याचे ३५ किलोमीटर धरले तर आधीच्या आठवड्यात बावीस-तेवीस आणि शर्यतीच्या आठवड्यात, शर्यत वगळून, चौदा-पंधरा. त्यात एखादे दिवशी सात-आठ मिनिटे शर्यतीच्या श्रमाने धावायचे, बाकी सगळे हलके. या दिवसांत पाय जड वाटतात, सराव कमी पडला अशी शंका येते आणि माणूस गुरुवारी उठून बारा किलोमीटर धावून येतो. तसे करू नका.

तुमची शर्यत जवळजवळ अडीच तासांची आहे, नुसत्या पाण्यावर ती निभावेल पण शेवटचे चार किलोमीटर जड जातील. एवढ्या वेळेच्या शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगतात. जेल मानवत नसेल तर आपल्याकडे गूळ आहे. मी सुपारीपेक्षा थोडे मोठे, पंधरा-वीस ग्रॅमचे खडे करतो आणि प्रत्येक खडा वेगळ्या छोट्या पिशवीत बांधतो, कारण पावसाळी हवेत गुळाला पाझर फुटतो आणि खिशात सगळ्यांचा एकच गोळा होतो. पहिला खडा बोगद्यापाशी, घाट सुरू होण्याआधी. मग दर पंचवीस-तीस मिनिटांनी एक, वर दोन घोट पाणी. चढावर दम लागलेला असताना चावायला जाऊ नये, गालात धरून ठेवावा. हे सगळे आधी पन्हाळ्याच्या घाटात दोनदा करून पाहा. शर्यतीच्या दिवशी पोटात काहीही नवीन जाता कामा नये.

आदल्या दिवशी दुपारीच साताऱ्याला पोहोचा, बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्या आणि संध्याकाळी पायी हिंडणे टाळा. रात्री साधा वरण-भात, थोडी भाजी, लवकर. सकाळी अडीच-तीन तास आधी पोळी-गूळ किंवा केळे. घाम कमी येतो म्हणून पावसात पाणी पिण्याची आठवण राहत नाही. प्रत्येक पाणी केंद्रावर दोन-तीन घोट घ्याच, उतारावर पेला घेताना मात्र आधी वेग कमी करा. वर टोकापाशी वारा आणि धुके असते, अंग घामाने भिजलेले असते आणि वळून उतरायला लागल्यावर श्रम कमी झाल्याने हुडहुडी भरते. सुरुवातीच्या थंडीसाठी जाड जाकीट घालून ते घाटात कमरेला बांधत बसण्यापेक्षा अंगाला चिकटणारा, पातळ, बाह्या असलेला टीशर्ट पुष्कळ बरा.

आणि पहिले चार किलोमीटर. तेवढे ६:४० च्या आत जाऊ देऊ नका.

पहाटफेरी

काल साताऱ्याला जाऊन आले. कासकडे जाणारी वाहने सुरू होण्यापूर्वी घाट मोकळा मिळावा म्हणून आम्ही दोघी कोल्हापुरातून रात्री तीनला निघालो आणि पावणेसहाला बोगद्यापाशी उभ्या होतो. शर्यतीला अजून तीन आठवडे आहेत, त्यामुळे पूर्ण घाट चढून उतरायला हरकत नव्हती.

चढाला सरासरी ८:२० पडली, एकदाही थांबावे लागले नाही. चाललो ते तीन ठिकाणी, प्रत्येकी चाळीस पावले मोजून. कुठली वळणे उभी आहेत आणि कुठे रस्ता मोकळा सोडतो, ते वहीत लिहून ठेवले आहे. वर पोहोचल्यासारखे वाटते आणि रस्ता पुन्हा चढतो, ती जागाही नेमकी सापडली. तिथे उजव्या हाताला पाण्याचा एक ओहोळ रस्त्यावर येतो, तो आता लक्षात राहील. उतरताना ढग थोडे फाटले आणि खाली सातारा शहर आणि अजिंक्यतारा दिसला, तेव्हा मात्र बघण्यासाठी एकदा थांबलो. उताराला ६:०५ पडली. गुळाचे दोन खडे खाल्ले, पोटाने तक्रार केली नाही.

हे आकडे दादांच्या आराखड्यात घातले, शहरातला भाग आहे तसाच ठेवला, तर २ तास २७ मिनिटांच्या जरा आत बेरीज येते. तीच वेळ मनाशी धरली आहे. हातावर लिहायला चारच आकडे काढले आहेत : बोगद्यापाशी २७, वरच्या टोकाला ८१, परत बोगद्यापाशी १२१ आणि शेवटी १४७. बोगद्यापाशी पोहोचताना घड्याळात २६ च्या आत दिसले, तर तिथेच शंभर पावले चालायची, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.